मथुराबाईंनी ऑनफ्लरला घर घेतलं

मथुराबाईंनी फ्रान्समध्ये घर घेतलं, तेव्हा आमच्या ह्यांना कोथरूडचा फ्लॅट बघायला लागून सहा वर्षं झाली होती. बघायला लागून म्हणते, कारण घेणं हा प्रकार ह्यांच्या स्वभावातच नव्हता. दर सुट्टीत पुण्याला गेलो की बिल्डरकडे जायचं, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारायचं आणि बहरीनला परत येऊन वहीत तक्ते करायचे. मथुराबाईंनी अर्ध्या मिनिटात घर घेतलं. तेही दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या पैशांनी आणि आपण काय करतोय याचा पत्ता नसताना.

आम्ही तेव्हा मनामा शहरातल्या अदलियात राहत होतो. एका बहरीनी गृहस्थाचं दोन मजली घर होतं. खाली आम्ही दोघं, म्हणजे मी चारुलता आणि माझे यजमान शरच्चंद्र. हे एका फ्रेंच बँकेच्या मनामातल्या शाखेत अकाउंटंट होते. वरच्या मजल्यावर त्याच बँकेतल्या मोठ्या साहेबांची सेक्रेटरी मादाम सिमोन राहायची. पन्नाशी उलटलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही आणि डावा गुडघा कायम दुखरा. या मादामचं घर मथुराबाई चालवायच्या. चालवायच्या हाच शब्द बरोबर आहे. पगार मादाम द्यायची आणि हुकूम मथुराबाई सोडायच्या.

मथुराबाई देवगडजवळच्या एका खेड्यातल्या. शहात्तर साली मुंबईच्या एका कुटुंबाबरोबर त्यांची मुलं सांभाळायला म्हणून आल्या. ते कुटुंब वर्षभरात गाशा गुंडाळून परत गेलं आणि मादामने मथुराबाईंना ठेवून घेतलं. नवरा बोटीवर खलाशी होता, त्याने कुठल्याशा बंदरात दुसरा संसार थाटला होता. तरी बाई ठसठशीत कुंकू लावायच्या. एकदा मी नको ते विचारलं, तर म्हणाल्या, "तो खय का असेना वैनीनू, कुकू माजा हा." गावी भावाकडे एक मुलगी होती, लक्ष्मी. ती एक्याऐंशी साली मुंबईला नर्सिंगच्या कोर्सला लागली. तीन वर्षांचा कोर्स. मथुराबाई बहरीनमध्ये होत्या त्या या एका कारणासाठी.

बाईंचा तोंडपट्टा असा, की मनामाच्या मासळीबाजारात त्या शिरल्या की अर्धे विक्रेते पाट्या झाकायला बघायचे. हामूरचे कल्ले उघडून बघायच्या, नाक मुरडायच्या, "मफी ताजा, मफी!" म्हणजे ताजं नाही, म्हणून पुढे चालायला लागायच्या आणि विक्रेता मागून हाका मारत यायचा. देवगडच्या मासळीपुढे इथली मासळी काहीच नाही, हे त्यांनी त्या बिचाऱ्यांना मालवणी, हिंदी आणि अरबी अशा तिन्ही भाषांत ऐकवलं होतं. मादामशी त्या जी भाषा बोलायच्या तिला नाव नाही. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, शेवटी "खलास" म्हणजे संपलं, किंवा "यल्ला" म्हणजे चला. मादामही तेच बोलायला शिकली. मी बी. ए.ला फ्रेंच घेतलं होतं, पण माझं फ्रेंच मादामला कळायचं नाही आणि मथुराबाईंचं हिंदी कळायचं, याचा मला जरा रागच यायचा.

मादामच्या दिवाणखान्यात एक मोठा फोटो होता. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं जुनं बंदर, ऑनफ्लर. चौकोनी गोदी, त्यात शिडाच्या होड्या आणि काठाला खेटून उभी असलेली उंच, अरुंद घरं. त्यातल्या एका घरात मादाम जन्मली होती. तिचे वडील गोदीवर दोरखंड आणि जाळी विकायचे. लढाईनंतर धंदा बसला आणि घर विकावं लागलं, तेव्हा मादाम वीस वर्षांची होती. शुक्रवारी आम्ही सगळे बुदैयाच्या किनाऱ्यावर जायचो, तेव्हा पाण्यात पाय सोडून ती त्या घराबद्दल बोलायची. कुठल्या खिडकीतून भरती दिसायची, कुठली पायरी करकरायची. मथुराबाई तो फोटो पाच वर्षं रोज पुसत होत्या. त्यांना खिडक्यांची संख्या पाठ होती.

ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मादामला तिच्या बहिणीचं पत्र आलं. त्या घराचा मालक वारला होता, वारस ते विकत होते. जूनमध्ये लिलाव. मादाम पत्र घेऊन आमच्याकडे खाली आली ती गुडघा विसरून, दोन-दोन पायऱ्या उतरत. म्हणाली, जगण्यापुरते ठेवून बाकी जन्मभराची शिल्लक या घरावर लावणार. घर मिळालं की नोकरी सोडणार आणि वर्ष संपायच्या आत तिकडे राहायला जाणार.

ती वर गेली आणि पाच मिनिटांत मथुराबाई खाली आल्या. हाताला पीठ तसंच.

"वैनीनू, माजा खलास झाला."

"काय झालं?"

"मादामाक ता घर गावला तर ती थय जातली. ती गेली काय माजो विसा गेलो. लक्षुमीची अजून दोन वर्सा रवली हत. मदीच सोडूक लावू काय पोरीक?"

मी म्हटलं, दुसरं काम बघू. पण मलाही माहीत होतं की ते बोलण्याइतकं सोपं नाही. त्या काळी मालक गेला की व्हिसा गेला, आणि वयाच्या पंचेचाळिशीत मथुराबाईंना नव्याने बोलावून घेणारं कोण बसलं होतं? मथुराबाईंनी माझ्या टेबलाला पीठ पुसलं आणि म्हणाल्या, "आता देवाकच सांगूक व्हया."

त्यांच्या गावाकडे देवाकडे काही मागायचं झालं, की हात जोडून पुटपुटत नाहीत. देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतात, एखाद्या अधिकाऱ्यापुढे तक्रार मांडावी तसं. मथुराबाईंनी मनामाच्या देवळातून नारळ आणला आणि वरच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या देवापुढे ठेवून सुरू केलं. मी खाली भाजी चिरत होते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बा देवा म्हाराजा, हय परमुलकात मी एकटी बायलमाणूस तुका हाक मारतंय. मादाम बरी बाय हा. तिच्या गुडग्याक गुण दी. तिका लांब आविष्य दी. पण ता घर तिका गावाक देऊ नको. लिलावात कोन तरी दुसरो मोठो गिऱ्हाईक उबो कर. पोरीचा शिक्शान पुरा होवदे, मग तुजा काय ता मी बगीन." आणि मग स्वतःच, जमलेल्या मंडळींच्या वतीने, "व्हय म्हाराजा!"

घर मिळू देऊ नको म्हणे! मादाम त्या वेळी बँकेत होती म्हणून बरं.

आता गंमत अशी, की मे महिन्यात मादामचा गुडघा सुजला. सलमानियाच्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण एकट्याने नको. मादामने विचारच केला नाही. मथुराबाईंना घेऊन जाणार! फ्रेंच व्हिसाचा फॉर्म मी भरला. प्रवासाचं कारण काय लिहू म्हणून विचारलं तर मथुराबाई म्हणाल्या, "लिवा, गुडगो." जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना माझी मोरपंखी पैठणी दिली. म्हटलं, बँकेच्या लोकांसमोर, वकिलांसमोर जायचं आहे, रोजच्या सुती लुगड्यात जाऊ नका. त्यांनी आढेवेढे घेतले, मग घडी उघडून पदर बघितला आणि घेऊन गेल्या. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा एवढा, पण तो मी सोडणार नाही.

पुढचं मी मथुराबाईंच्या तोंडून निदान पंधरा वेळा ऐकलं आहे आणि मादामच्या तोंडून एकदा. दोघींच्या हकिगतीत फरक फक्त आवाजाचा.

ऑनफ्लरला पोचल्यावर मथुराबाई गोदीच्या काठावर उभ्या राहिल्या, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, हो तर आमचो देवगड!" तोच मासळीचा वास, तीच जाळी, तेच बोटीवरून ओरडणं. थंडी मात्र जून महिन्यात पौषातली. मादामने तिच्या आईचा फरच्या कॉलरचा जुना कोट त्यांना घातला. तिथे एक लाकडी चर्च आहे, ते शेकडो वर्षांपूर्वी जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी बांधलं. आतून वर बघितलं की छप्पर उलट्या होडीसारखं दिसतं. मथुराबाईंना ते फार पटलं. जी विद्या येते तीच देवापुढे ठेवायची, म्हणाल्या. बाजारात बांगडे बघून तर त्या तिथेच खाली बसल्या. बरोबर आणलेली तिरफळं मादामच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात पडली आणि त्या घराने तसा वास त्यापूर्वी कधी घेतला नव्हता.

मग घर बघायला गेल्या. समोरची भिंत काळ्या दगडाच्या पातळ चकत्यांनी मढवलेली, शाळेतल्या पाट्या एकावर एक ठोकाव्यात तशी. चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर जेमतेम दीड खोली. मादाम दुखऱ्या गुडघ्याने वरपर्यंत चढली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक पायरी करकरली, तशी ती तिथेच बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मथुराबाई तिच्या शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात देवाला पुन्हा सांगितलं, आयकलंस मा, गावाक देऊ नको. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. सांगताना मान खाली होती.

लिलाव तिथल्या नोटरीच्या कचेरीत होता. फ्रान्समधला नोटरी म्हणजे आपल्याकडचा कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा नव्हे. घरांचे सगळे व्यवहार त्याच्या हातून होतात. आणि तिकडे जुनी पद्धत अशी, की लिलावात हातोडा मारत नाहीत, वाती लावतात. टेबलावर बोटभर उंचीच्या बारीक मेणाच्या वाती. एक वात पंधरा-वीस सेकंद जळते, की संपली. कोणी बोली लावली, की एक वात पेटवायची. ती विझेपर्यंत वरची बोली आली नाही, तर दुसरी पेटवायची. दुसरीही विझली आणि कोणी बोललं नाही, की घर त्याचं. मध्ये कोणी बोली वाढवली, की पुन्हा पहिल्यापासून. बोली वाढवायला हात वर केला तरी पुरतो. आधी अनामत भरावी लागते, ती मादामने भरली होती.

हे सगळं मादामला ठाऊक होतं. मथुराबाईंना सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. गुडघा लांब करायला जागा हवी म्हणून दोघी पहिल्या बाकावर बसल्या, टेबलापासून हातभर अंतरावर. मोरपंखी पैठणी, वरून फरचा कोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागच्या बाकावर पॅरिसचा एक दातांचा डॉक्टर बसला होता. त्याने त्या गोदीवर आधीच दोन घरं घेऊन एकात हॉटेल थाटलं होतं. हे तिसरं.

मादामने आकडा ठरवून आणला होता. त्याच्या वर एक फ्रँक नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. बोली सुरू झाली. दोन-तीन लोक गळाले, राहिले डॉक्टर आणि मादाम. डॉक्टर चढवायचा, मादाम चढवायची. शेवटी मादामने आपला आकडा सांगितला आणि डॉक्टरने लगेच त्याच्या वरचा. मादामने हात मांडीवर ठेवले. मथुराबाईंना आकडे कळत नव्हते, पण मादामचे हात कळले. घर गेलं. म्हणजे देवाने गाऱ्हाणं ऐकलं होतं, मागितला तसा मोठा गिऱ्हाईकही मागच्या बाकावर आणून बसवला होता. लक्ष्मीची दोन वर्षं सुटली. मथुराबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या सांगतात, डोळ्यांसमोर नुसती ती करकरणारी पायरी आली.

पहिली वात विझली. धुराची एक रेघ वर गेली. दुसरी पेटवली. समोरची खिडकी उघडी होती, समुद्राचा वारा आत येत होता, ज्योत आडवी झाली.

आता तुम्हीच सांगा, देवगडच्या वाऱ्यात सांजेला दिवा घेऊन तुळशीपर्यंत जाण्यात जिचा जन्म गेला, तिच्या हातभर अंतरावर ज्योत फडफडत असेल तर ती काय करेल? एका घराचा व्यवहार चाललाय, भरल्या सभेत दिवा विझतोय आणि वीस सुशिक्षित माणसं हातांची घडी घालून बघत बसली आहेत! मथुराबाई उठल्या. "अगो बाये माजे, दिवो!" म्हणून दोन्ही हात पुढे झाले आणि ज्योतीभोवती ओंजळ धरली.

नोटरीने बघितलं, हात वर झालेला आहे. मादामच्या बाकावरचा आहे. वात अजून जळते आहे. त्याने चष्मा सारखा केला आणि मादामला विचारलं, ही बोली आपल्याकडून समजायची का?

मादाम मला म्हणाली, "त्या क्षणी मी नाही म्हणू शकले असते. सगळं सोपं होतं. पण मी बघितलं, की ही बाई माझं घर विझू नये म्हणून हात भाजून घेते आहे."

ती हो म्हणाली.

नोटरीने पुन्हा पहिली वात पेटवली. मथुराबाईंचे हात पुन्हा पुढे निघाले. मादामने दोन्ही मनगटं गच्च धरली आणि कानात ओरडली, "नहीं हाथ, मथुरा! नहीं हाथ! ये खलास, तो घर हमारा!" तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण काय करून बसलो ते कळलं. मनगटं सोडवून घेऊन, बोली चुकून झाली असं सांगता आलं नसतं का, हे मी त्यांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, हात धरले होते. मी म्हटलं, तोंड मोकळं होतं ना? त्यावर त्या भांडी आवरायला उठल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या दिवा विझायची वाट बघत होत्या, आणि कोणाच्या बाजूने बघत होत्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मागच्या बाकावर कुजबुज सुरू होती. डॉक्टरने शेजाऱ्याला विचारलं, ही कोण? शेजारी म्हणाला, बहरीनहून आली आहे म्हणे. बहरीन! तेल! डॉक्टरने पैठणीचा पदर बघितला, फरची कॉलर बघितली आणि समजला, ही कुठली तरी महाराणी आहे, आखातातलं अख्खं तेल हिच्या मागे आहे आणि ही आता रात्रीपर्यंत हात वर करत बसणार. त्याने वही मिटली. पहिली वात विझली. दुसरी विझली. धूर वर गेला आणि घर मादामचं झालं.

बाहेर येऊन डॉक्टरने मथुराबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांनी पदर सावरून मान हलवली आणि मादामला विचारलं, "ह्येका काय व्हया?"

बहरीनला परत आल्या तेव्हा आमच्या घरी ही हकिगत ऐकताना ह्यांच्या हातातला चहा थंड झाला. ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "पण पाण्याची टाकी बघितली का?" मी वही उचलून ठेवून दिली.

मथुराबाई मात्र आठवडाभर स्वतःवर चिडलेल्या होत्या. भांडी आपटत होत्या. "देवाक हातापाया पडान सांगलंय, आनि माज्याच हातान केलंय!" मी म्हटलं, अहो, मग हात का नेलात? "हात मी न्हेलंय नाय वैनीनू, तो आपसूक गेलो." बोटाला चटका बसला होता, त्यावर मध लावत बसल्या होत्या.

पण मादाम तर कुठे जाताना दिसेना. जुलै गेला, ऑगस्ट गेला. शेवटी मीच विचारलं. मादाम हसायला लागली. ठरवलेल्या आकड्याच्या वर गेल्यामुळे नोकरी सोडून जगायला ठेवलेली रक्कम त्या घरात गेली होती. आता ती भरून काढायला अजून दोन वर्षं तरी बँकेत काम करणं भाग होतं. घर तिथे बंद राहील, म्हणाली. ते तीनशे वर्षं उभं आहे, आणखी दोन वर्षं मला थांबेल.

मी जिन्यातूनच ओरडत वर गेले. मथुराबाई कांदा चिरत होत्या. मी सांगितलं, दोन वर्षं! त्यांनी सुरी खाली ठेवली, फळीवरच्या देवाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दोगींचाय आयकल्यान." त्या दिवशी त्यांनी मला पण घावणे खायला घातले.

ती दोन वर्षं भराभर गेली. मादाम सुट्टीत ऑनफ्लरला जाऊन नळ बदलून यायची, कौलं बदलून यायची. मथुराबाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लक्ष्मीच्या परीक्षांच्या आणि निकालाच्या तारखा माझ्याकडून लाल पेन्सिलीने लिहून घेतल्या. देवाकडे मागणं बदललं होतं. आता रोज सकाळी एवढंच, की लक्ष्मीचा निकाल लागेपर्यंत मादामला इथेच ठेव. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा आला. दोन वर्षं पुरी झाली, आणि मादाम आज जाईल, उद्या जाईल असं वाटत असताना जाईना. कधी म्हणायची गुडघा दुखतोय, कधी म्हणायची तिकडचा गवंडी आजारी आहे. आम्हाला वाटलं, बँकेने थांबवून घेतलं असेल.

सप्टेंबरात एका दुपारी तार आली. मथुराबाईंच्या भावाने आमच्या पत्त्यावर केली होती. लक्ष्मी फर्स्ट क्लासमध्ये पास. मी वाचून दाखवली. मथुराबाईंनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि जिन्याकडे पळाल्या. मी मागोमाग.

मादाम खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मथुराबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, धापा टाकत, तार हवेत धरून. "मादाम! लक्ष्मी पास! खलास! अब तुम जाओ, अपने घर जाओ, यल्ला!"

मादामने हसून विचारलं, "मला घालवून देतेस?"

आणि मग मथुराबाईंच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. नारळ, गाऱ्हाणं, मोठा गिऱ्हाईक, करकरणाऱ्या पायरीवर बसून केलेलं मागणं. सगळं त्यांच्या त्या नाव नसलेल्या भाषेत, एका दमात. शेवटी म्हणाल्या, "तुम मेरे को अच्छा समझा. मैं अच्छा नहीं. मैं भगवान को बोला, तुमको घर नहीं मिलना. दो साल बोला. अब पास हो गया, अब मैं नहीं रोकता. माफ करो."

मादामने पाय स्टुलावरून खाली घेतला. उठायला तिला वेळ लागला. स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. लाल पेन्सिलीने लिहिलेल्या सप्टेंबरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"मथुरा, मेरा पैसा मार्च में पूरा हो गया," ती म्हणाली. "मार्च में. मैं भी लक्ष्मी के लिए बैठी थी."

मथुराबाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्या मटकन जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून मोठ्याने रडायला लागल्या. मादामही गुडघा वाकत नसताना त्यांच्या शेजारी खाली बसली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तार चुरगळून गेली.

रडता रडता मथुराबाई एकदम थांबल्या, मादामचे खांदे धरून तिला हलवलं आणि ओरडल्या, "अगो बाये, मग माका आदी सांगाक काय झाला होता? सा महिने त्या देवाक उगाच तरास दिलंय मा!"

मादामने माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणते ती? मला ते फ्रेंचमध्ये सांगता येईना आणि हिंदीतही सांगता येईना, कारण तोपर्यंत मीही रडत होते.